आमटी गार होईपर्यंत

आमच्या घरात गरम आमटी कुणी खाल्लेली नाही. चुलीवरून उतरायची तेव्हा ती गरमच असायची, त्याबद्दल तक्रार नाही. ताटं मांडली जायची, भाकऱ्या वाढल्या जायच्या, वाट्यांतून वाफा निघायच्या आणि नेमकी त्याच वेळी आजी पदर डोक्यावर घ्यायची. पदर डोक्यावर गेला की आमटीचं भवितव्य ठरलं. "हे दयाळू, प्रेमळ स्वर्गीय पित्या," अशी सुरुवात व्हायची आणि आम्ही डोळे मिटून नुसता वास घेत बसायचो. "आमेन" ऐकू येईपर्यंत काळ्या मसाल्याचा तवंग वाटीच्या कडेला थिजलेला असायचा. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी ती आमटी परत गरम करायला उठली. आजी म्हणाली, "बस गं. परत गरम केलीस तर परत प्रार्थना करावी लागेल."

प्रार्थना म्हणजे देवाचे आभार मानणं, असं आम्हाला शब्बाथशाळेत शिकवलं होतं. आजीच्या प्रार्थनेत आभार असायचे, नाही असं नाही, पण ते वर्तमानपत्रातल्या तारखेएवढे. त्याखाली बातम्या. "मधला पुण्याला गेलाय, प्रभू. एसटी शिवाजीनगरला पोचली का, ते तुला दिसतंय, मला दिसत नाही." मग पाऊस, मग ज्वारीचा भाव, मग आजोबांचा गुडघा. "शेजारच्या घरात काल रात्री काय झालं ते तुला ठाऊक आहेच, तरी सांगते." इथं सगळ्यांचे कान टवकारायचे. आमच्या घरात चुगली करायला सक्त मनाई होती. पण देवाला सांगितलेलं चुगलीत धरत नसत.

बातम्या संपल्या की न्यायालय भरायचं. आजी कुणाला तोंडावर कधी रागावली नाही. ती देवाला सांगायची आणि आम्ही शेजारी बसून ऐकायचो. "हे प्रभू, ह्या लेकराला गणितात ३५ मार्क पडलेत. प्रगतिपुस्तकावर सही बापाची आहे, पण अक्षर बापाचं नाही, हे तुझ्यापासून लपलेलं नाही." माझ्या बापापासून मात्र ते तोवर लपलेलं होतं. मिटल्या डोळ्यांनीही मला त्यांचे डोळे उघडलेले कळले. पण प्रार्थनेत डोळे उघडणं पाप आणि मध्ये बोलणं त्याहून मोठं पाप, त्यामुळे आरोपीला बाजू मांडायची सोय नव्हती. वर तिनं शेवटी माझ्यासाठी क्षमाही मागून टाकलेली असायची. ज्याला देवानं माफ केलं त्याला वडिलांनी मारायचं कसं? वडिलांनी त्या दिवशी गार आमटीचा राग भाकरीवर काढला.

ह्या प्रार्थनेत नावांचा क्रम असे. आधी पाळकसाहेब, मग आजोबा, मग मुलं-सुना-जावई वयाप्रमाणे, मग नातवंडं, मग म्हैस, मग एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, आणि सरतेशेवटी भारत सरकार. क्रम बदलला की घरात काहीतरी घडलंय हे समजायचं. एकदा काकानं रद्दीबरोबर आजीची गाण्यांची वही किलोच्या भावात घालवली. त्यानंतर तीन महिने काकाचं नाव ड्रायव्हर-कंडक्टरच्या नंतर आलं. काका चांगला बँकेत कॅशियर. पण प्रार्थनेत कान लावून बसायचा, आज म्हशीच्या पुढं गेलो का ते ऐकायला.

हे सगळं नगरचं. आता कागदोपत्री अहिल्यानगर. अमेरिकन मिशन इथं १८३१ साली आलं, म्हणजे आगगाडीच्या किती तरी आधी, आणि तेव्हापासून नगर जिल्ह्यात आमच्यासारखी ज्वारीची भाकरी खाणारी, 'जय ख्रिस्त' म्हणणारी घरं आहेत. तरी पुण्या-मुंबईत कुणाला सांगितलं की "मी ख्रिस्ती", तर पुढचा प्रश्न ठरलेला: "गोव्याचे का?" नाही म्हटलं तर, "पण मराठी छान बोलता हो!" एका बाईंनी आजीलाच हे विचारलं. आजीनं पवित्र शास्त्रातली भाषा रोजच्या तोंडी रुळवली होती. ती म्हणाली, "बाई, मला दुसरी कुठली खचित येत नाही." 'खचित' हा शब्द तिनं वापरून वापरून इतका गुळगुळीत केला होता की भाजीवालीसुद्धा तिच्याशी बोलताना "मेथी खचित ताजी आहे" म्हणायची.

नगरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्या बाईपुढं एक मोठी अडचण असते. तिचं नाव लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पुढं लक्ष्मीबाईंनीही घेतला, ह्या गावात त्यांचा संसार झाला, आणि मग म्हातारपणी त्या बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहून पुढच्या सगळ्या आज्यांची पंचाईत केली. माझी आजी लक्ष्मीबाईंबद्दल असं बोलायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, दोघींची एकाच नळावर घागर लागत होती. प्रत्यक्षात दोघींची कधी भेट झाली नाही. आजी चालायला शिकत होती तेव्हा, १९३६ साली, लक्ष्मीबाई गेल्या. "तिचा नवरा कवी होता," आजी म्हणायची, "माझा तालुका कचेरीत कारकून. तो रात्री अभंग करायचा, हे रात्री घोरतात. मग लिहिणार कोण आणि कशावर?" टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, ह्याचं मात्र तिला नवल नव्हतं. "नवऱ्यानं अर्धवट टाकलेलं बायकोनंच पुरं करायचं असतं," असं म्हणून ती परसातल्या भिंतीकडं बघायची. ती भिंत आजोबांनी कंबरेपर्यंत बांधून सोडली होती.

आणि बालकवी! बालकवी टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले, हे तिला फार लागलेलं होतं. सुट्टीत आम्ही नऊ नातवंडं तिच्याकडं जमायचो. ती भाकऱ्या थापता थापता आमच्याकडं एकेकाला निरखून बघायची. "लक्ष्मीबाईनं एका पोराला जेवू घातलं तर त्यातनं बालकवी निघाला. मी नऊ जणांना घालतेय. एकानं तरी दोन ओळी कराव्यात!" माझ्या चुलतभावानं चिडून खरंच दोन ओळी केल्या. त्या भाकरीवर होत्या आणि यमक 'करपली' ला जुळवलेलं होतं. त्या रात्रीच्या प्रार्थनेत तो म्हशीच्या मागं गेला.

शेवटी तिनं स्वतःच लिहायला घेतलं. नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरूंना १९४२ ते १९४५ कोंडून ठेवलं होतं आणि तिथं त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे ती शाळेत असताना गावभर झालं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं: "त्यांना किल्ल्यात कोंडलं, मला स्वयंपाकघरात. त्यांना निदान कागद तरी मिळायचा." ती लिहायची ते किराणामालाच्या यादीमागं, कॅलेंडरच्या फाटलेल्या महिन्यावर, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पानावर. पदं, आरत्यांसारखी स्तुतिगीतं, पाळणे. नगरकडं ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा आहे. वीणा-मृदंग-टाळ घेऊन दावीद आणि गल्याथाची आख्यानं रंगवणारे कीर्तनकार इथं होऊन गेले. त्यामुळं तिला पेटीवर गाणारा देव परका कधी वाटलाच नाही. तुकारामाच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक म्हणत. आजी त्याच वाटेनं परत जाऊन चाली घेऊन यायची.

चालींच्या बाबतीत तिला 'हे तुझं, हे माझं' माहीत नव्हतं. जात्यावरच्या ओव्या, भजनं, रेडिओ, बँडवाले, जे कानावर पडेल ते तिचं. एका नाताळात तिनं मेंढपाळांवर पद केलं. चाल अशी ठसक्याची होती की महिला मंडळानं पहिलं कडवं म्हणताच ढोलकीवाल्या पोराच्या अंगात वारं शिरलं. दुसऱ्या कडव्याला पुढच्या बाकावरच्या चपला ठेका धरू लागल्या. पाळकसाहेबांची मानसुद्धा हलली. ती चाल कुठली, हे सगळ्यात आधी ओळखलं पंच कमिटीतल्या एका अतिशय सोवळ्या गृहस्थांनी. त्यांचा चेहरा लाल झाला. पण ओळखलं म्हटलं असतं तर कुठं ऐकली तेही सांगावं लागलं असतं, म्हणून ते गप्प बसले. नंतर आजोबांनी घरी विचारलं, "अगं, ती तमाशातली चाल ना?" आजी म्हणाली, "जत्रेत फड लागला होता, वारा इकडचा होता. कानात बोटं घालणार होते, पण हातांना पीठ होतं." मग थोड्या वेळानं, "तुम्हाला कशी हो माहीत?"

आजोबांनी त्या दिवशी भिंतीचे दोन थर रचले.

गोधड्यांबद्दल लिहायचं तर माझं जुनं दुखणं वर येतं. आजीच्या गोधड्या गल्लीत नावाजलेल्या होत्या. धावदोरा असा, की टाके मोजून बघावेत. चार कोपऱ्यांत चार फुलं आणि मधोमध लाल लुगड्याच्या काठाचा क्रूस. प्रत्येक ठिगळाला वंशावळ होती. हे आजोबांचं धोतर, हा आत्याच्या साखरपुड्याचा परकर, ही काकाची शाळेची खाकी चड्डी, जी घालून तो विहिरीत पडला. रात्री पांघरूण घेतलं की सगळं खानदान अंगावर. कला मोठीच होती, पण तिला कच्चा माल लागायचा. कपडा जुना झाला की नाही हे ठरवायचा अधिकार आजीनं स्वतःकडं ठेवला होता. दहावीच्या परीक्षेसाठी मला एक निळा चौकड्यांचा शर्ट शिवला होता. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी तो सापडेना. कपाट झालं, पेटी झाली, दोरी झाली. रात्री काकाच्या अंगावर नवी गोधडी दिसली. डाव्या कोपऱ्यातल्या फुलाच्या पाकळ्या निळ्या चौकड्यांच्या होत्या. मी रडलो. आजीनं पदर डोक्यावर घेतला. "प्रभू, ह्याची बटणं दोन महिने तुटलेली होती, ह्यानं कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, सोडला." म्हणजे शर्ट माझा गेला आणि देवापुढं कसूरही माझीच निघाली. पेपर मी वडिलांचा शर्ट घालून दिला.

नाताळ आला की तिच्या कलेला अंगण अपुरं पडायचं. दिवाळी संपल्याच्या चौथ्या दिवशी आजोबांना बाजारात पाठवायची, कारण तेव्हा चांदणीचे आकाशकंदील निम्म्या भावात मिळतात. गव्हाण ती मातीची करायची, वर कडब्याचं छप्पर. पोळ्याला कुंभाराकडून घेतलेली मातीची बैलजोडी डिसेंबरपर्यंत कोनाड्यात राखून ठेवायची, तीच बाळ येशूच्या गोठ्यात उभी राहायची, कपाळावर पोळ्याचा गुलाल तसाच. मेंढपाळांना घोंगडी आणि तांबडं पागोटं. पाळकसाहेबांनी एकदा हसत विचारलं, "बाई, हे बेथलेहेम की पारनेर?" आजी म्हणाली, "तिकडं मेंढपाळ, इकडं धनगर. थंडी दोघांना सारखीच वाजते." पूर्वेकडून येणाऱ्या मागी लोकांसाठी उंट हवे होते. उंट तिनं कधी जवळून पाहिला नव्हता. पुठ्ठ्याचा जो केला तो म्हशीवर गेला. आम्ही हसलो तर म्हणाली, "लांबून आलाय बिचारा, वाटेत उतरलाय."

शेजाऱ्यांना नाताळात आमच्याकडून केक हवा असायचा. आजीनं एकदाच, पातेल्यात वाळू घालून, मंद आचेवर केक केला. तो कापायला आजोबांची करवत मागवली. त्यानंतर करंज्या, शंकरपाळे, चकल्या. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून ती दोन महिने ठेवून घ्यायची आणि नाताळला भरून द्यायची. काकू ह्याला ठेव म्हणायच्या.

पण तिची सर्वांत गाजलेली कलाकृती म्हणजे भोपळा. आमच्या चर्चमध्ये सुगीचा सण असतो. शेतातलं, परसातलं जे पहिलं पिकेल ते आणून वेदीपुढं ठेवायचं आणि उपासना झाल्यावर त्याचा लिलाव. अंडी, कोंबड्या, कणसं, दुधी, कधी एखादं करडू. पैसे चर्चला. एका वर्षी आजीनं वेलावर भोपळा कोवळा असतानाच त्याच्यावर सुईनं 'येशू' असं कोरलं. भोपळा वाढला तशी अक्षरंही वाढली. सणाच्या दिवशी त्याचा घेर दोन पोरांच्या मिठीएवढा झाला होता आणि त्यावर वीतभर उंचीची ठसठशीत अक्षरं. एका बाजूला ऊन जास्त लागल्यानं 'शू' जरा पसरला होता, एवढंच.

चर्चमध्ये कौतुकाला पार राहिला नाही. लिलाव ११ रुपयांवर सुटला, २१, ३१ करत एका मास्तरांनी ५१ ला भोपळा घेतला. टाळ्या झाल्या. मास्तर भोपळा उचलून दारापर्यंत गेले आणि थांबले. घरी नेऊन करायचं काय? प्रभूच्या नावावर विळी चालवायची? त्यांनी भोपळा परत आणून चर्चला दान दिला. पुन्हा लिलाव. एका दुकानदारानं ६१ ला घेतला, त्याच्या बायकोनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, भोपळा पुन्हा वेदीपुढं. असं चारदा झालं. खजिनदार खूश होते. एका भोपळ्यावर चर्चच्या पंख्यांचा खर्च निघत होता. शेवटी कुणी बोलीच बोलेना. आजीनं कोपरानं ढोसलं म्हणून आजोबांनी "अकरा" म्हटलं आणि आमचाच भोपळा पैसे देऊन आम्ही घरी आणला.

संध्याकाळी सगळे त्याच्याभोवती बसलो. कुणी हात लावेना. आजी आतून विळी घेऊन आली, पाट ओढला आणि 'ये' आणि 'शू' च्या बरोबर मधून भोपळा चिरला. आजोबा म्हणाले, "अगं, नाव!" आजी बिया काढत म्हणाली, "नाव पोटात गेलेलं कधीही चांगलं." चार दिवस भाजी, भरीत आणि घारगे. पाचव्या दिवशी काका म्हणाला, माझी श्रद्धा आता पुरेशी बळकट झाली आहे.

आजोबा गेल्यावर तिनं भिंत गवंड्याकडून पुरी करून घेतली. पण वरचे थर रंगवू दिले नाहीत. आजोबांचं काम कुठं संपतं ते दिसलं पाहिजे म्हणून. पुनरुत्थानाच्या सणाला पहाटे चारला आम्हाला उठवून ती कबरस्तानात न्यायची. मेणबत्त्या, फुलं, थंडीत कुडकुडत म्हटलेली गीतं. गीत संपलं की आजोबांच्या शेजारची मोकळी जागा पायानं चाचपून बघायची. "इथं निंबाची सावली येते दुपारून," ती समाधानानं सांगायची, एखाद्यानं एसटीत खिडकीची जागा धरावी तसं.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिची दृष्टी अधू झाली आणि नावं निसटू लागली. उपासना संगीतातली गीतं नंबरासकट तोंडपाठ होती, पण समोर बसलेला मुलगा कोण ते आठवेना. प्रार्थना मात्र थांबली नाही, उलट लांबली. कारण एकेकाला ओळखून काढायला वेळ लागायचा. "तो उंच मुलगा, प्रभू, ज्याच्या शर्टाचं फूल केलं, त्याला सांभाळ. तो, ज्यानं वही विकली, त्यालाही. विहिरीत पडलेल्यालाही." वही विकणारा आणि विहिरीत पडणारा एकच काका होता, पण त्याला दोनदा सांभाळायला सांगितल्याचं पाहून तो डोळे मिटून हुंदका गिळत होता. म्हैस जाऊन वीस वर्षं झाली होती. तीही यादीत होती.

ती गेली ती पौष महिन्यात. दफनाहून परत आलो तेव्हा अंधारलं होतं. घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या काकूंनी पातेलंभर आमटी आणि भाकऱ्यांची चवड पाठवली होती. आईनं वाढलं. सगळ्यांनी डोळे मिटले आणि तेव्हा कुठं लक्षात आलं, की प्रार्थना करायची कुणी? काका आता घरात वडीलधारा. तो खाकरला. "प्रभू, ह्या अन्नासाठी तुझे आभार. आमेन."

डोळे कुणी उघडेना. मग एकेक करून उघडले. वाट्यांतून वाफा निघत होत्या. वडिलांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली, तोंडात घातली आणि त्यांची जीभ भाजली. मग आत्याची. मग माझी. फुंकर घालून खायची आमच्यात कुणाला सवयच नव्हती.

काकानं वाटी खाली ठेवली. परत डोळे मिटले आणि एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरपासून सुरुवात केली.